रेडियमला वाया पाणी मानवत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत पाणीबचतीवर आलेला लेख वाचला. आरओ फिल्टरचं वाया जाणारं पाणी बादलीत साठवा, त्यानं गाडी धुवा, आणि डाग पडलेच तर खायचा सोडा व व्हिनेगर एकत्र करून घासा, असं त्यात म्हटलंय. पाणी वाचवायला माझी ना नाही. ते पाणी संडासात ओता, अंगण धुवा. पण मी गेली २१ वर्षं गाड्यांवर रेडियम लावतो (म्हणजे गाडीवर चिकटवायचा प्लास्टिकचा पापुद्रा; बिलावर मी डेकोरेटिव्ह व्हिनाइल लिहितो, पण गिऱ्हाइकाच्या तोंडी मी रेडियमवालाच), आणि असले सल्ले पाळलेल्या गाड्या शेवटी माझ्याच दारात येऊन उभ्या राहतात. सोबतचं वाक्यही ठरलेलं असतं: तुमचा माल हलका निघाला.

फिल्टर पाण्यातले क्षार नाहीसे करत नाही, नुसते बाजूला सारतो. ४ लिटर पाणी आत गेलं आणि त्यातलं २ लिटर शुद्ध निघालं, तर उरलेल्या २ लिटरांत जवळजवळ चारही लिटरांचे क्षार आले. म्हणजे बोअरचं आधीच जड असलेलं पाणी दुप्पट जड करून आपण बॉनेटवर ओतायचं. उन्हात पाणी उडून जातं, कॅल्शियम-मॅग्नेशियम तिथंच बसतं. थेंब कडेनं आधी सुकतो आणि आतला गाळ कडेकडे ओढला जातो, म्हणून डाग बांगडीसारखा गोल दिसतो. पांढऱ्या गाडीवर चटकन कळत नाही. काळ्या मॅट, म्हणजे बिनचमकीच्या, व्हिनाइलवर मात्र कोणी चुन्याची निवळी शिंपडून गेल्यासारखं वाटतं.

मीही काही शहाणा जन्माला आलो नव्हतो. धंद्यात नवा असताना एका गिऱ्हाइकाच्या काळ्या मॅट बॉनेटवरचे असले डाग मी रबिंग कंपाउंडनं, म्हणजे रंग घासून चमकवायच्या पेस्टनं, घासून काढले. डाग गेले, मी खूश. संध्याकाळी तिरप्या उजेडात गाडी बाहेर काढली तर बॉनेटवर तळहाताएवढे चार तुकतुकीत चट्टे! गाडीच्या रंगावर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, असतो, त्याला थोडंफार घासणं सोसतं. व्हिनाइलचा पापुद्रा साधारण ५० ते १०० मायक्रॉनचा, डोक्याच्या केसाच्या जाडीचा. त्याचा मॅटपणा म्हणजे वरची बारीक खरबरीत घडण. ती एकदा सपाट झाली की परत येत नाही. अख्खं बॉनेट पदरमोड करून नव्यानं लावून दिलं. तेव्हापासून व्हिनाइलवरचे डाग विरघळवतो, घासत नाही.

सोडा-व्हिनेगरच्या जोडीचं तर मला कोडंच आहे. एक आम्ल, दुसरा अल्कली. दोघं भेटले की फसफसून एकमेकांची ताकद मारतात आणि क्षार विरघळवायला कोणी उरतच नाही. फेस बघून माणसाला वाटतं काम जोरात चाललंय!

मी काय करतो ते सांगतो. गाडी सावलीत घ्यायची, पत्रा हाताला गार लागेपर्यंत थांबायचं. आधी शाम्पूनं धूळ धुऊन टाकायची, नाहीतर फडक्याखाली तीच धूळ पॉलिशपेपरचं काम करते. मग डागावरून बोट फिरवायचं. खरखर लागली तर क्षार वरच बसलेत, निघतील. साधं ५ टक्क्यांचं पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच डिस्टिल्ड पाणी, बॅटरीत घालतात ते, एकत्र करायचं. पहिल्यांदा दाराच्या खालच्या कोपऱ्यात, कोणाच्या नजरेत येणार नाही तिथं लावून बघायचं. मग मायक्रोफायबरचं फडकं त्यात भिजवून, पिळून, डागावर नुसतं ठेवायचं. चोळायचं नाही. एक-दोन मिनिटांनी फडक्याचा कोपरा उचलला की बांगडीची रेघ मध्येमध्ये तुटलेली दिसते. अलगद पुसून लगेच भरपूर पाणी मारायचं आणि कोरडं करायचं. राहिलेल्या डागावर पुन्हा तेच. फडकं तिथं वाळू द्यायचं नाही आणि स्टिकरच्या कडा चिंब करायच्या नाहीत. कड उचलली की पाणी आत शिरतं, मग मीही काही करू शकत नाही.

बोट गुळगुळीत फिरतं आणि डाग तरीही दिसतो, तेव्हा तो व्हिनाइलमध्येच उतरलेला असतो. तो तुकडा बदलावा लागतो, आणि नवा तुकडा जुन्या, उन्हानं विटलेल्या व्हिनाइलशेजारी काही दिवस उठून दिसणार, हे मी आधीच सांगून टाकतो. पाण्यात सिलिका, म्हणजे वाळूतला घटक, असेल तर तो डागही व्हिनेगरला दाद देत नाही. म्हणून लोक पुढच्या पायरीला जातात आणि संडास धुवायचं अ‍ॅसिड आणतात. कृपा करून हे करू नका; क्रोम, पत्रा दोन्हींना ते खातं. काच साफ करायच्या काही द्रावणांत हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड असतं, ते तर कातडीतून आत जातं आणि कधीकधी तासन्‌तास दुखतसुद्धा नाही. थिनर आणि पेट्रोलनं व्हिनाइलवरची छपाई उतरते, खालचा गोंद सैल होतो. तेल चोळणारेही पाहिलेत. डाग गेल्यासारखा वाटतो खरा, पण तो तेलाखाली लपलेला असतो आणि वर धूळ चिकटते ती वेगळीच.

प्रेशरच्या पाण्याची नळी स्टिकरपासून निदान ३० सेंटीमीटर लांब धरावी आणि कडेवर सरळ मारू नये, हेही धुणाऱ्या पोराला सांगून ठेवा.

पुढच्या पुरवणीत आपण दोन ओळींचा खुलासा छापावा, ही विनंती: सोडा घासू नका, आणि वाया पाण्यानं गाडी धुवायचीच असेल तर शेवटची बादली चांगल्या पाण्याची घ्या व गाडी ओली असतानाच पुसून काढा.

आपला,
एक रेडियमवाला