शुक्रवारचं ऑपरेशन थांबव

कराड,
४ डिसेंबर

प्रिय दिलीप,
सप्रेम नमस्कार.

काल फोनवर वहिनी शेजारीच होत्या, म्हणून मोकळं बोलता आलं नाही. रात्रभर तेच डोक्यात घोळत होतं. पहाटे उठून लिहायला बसलोय. झालं की फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो.

पोटरीतली गाठ शुक्रवारी काढायची, अर्ध्या तासाचं काम, संध्याकाळी घरी, असं तू म्हणालास. दिलीप, ते थांबव. गाठ काढू नको असं नाही म्हणत. पण आधी एमआरआय कर, मग सुईने तुकडा काढून तपासू दे आणि त्यानंतरच कुणाला सुरी लावू दे.

मुंबईला माझं ऑपरेशन झालं एवढं तुला ठाऊक आहे. त्याआधीचं मी कुणाला फारसं सांगितलं नाही. माझ्या मांडीतलीही ‘चरबीची गाठ’च होती. दुखत नव्हती, म्हणून मीही निर्धास्त. आठ महिन्यांत लिंबाची मोसंबी झाली, तेव्हा इकडच्याच एका डॉक्टरांनी नुसत्या सोनोग्राफीवर ती काढली. आडवा छेद, आणि गाठ तुकड्यातुकड्यांनी बाहेर. दहा दिवसांनी लॅबचा रिपोर्ट आला: सारकोमा, म्हणजे मांस-चरबीसारख्या मऊ भागातला कॅन्सर, आणि ग्रेड ३, म्हणजे सगळ्यात जोरकस प्रकारचा.

परळला टाटामध्ये सर्जननी त्या व्रणावरून बोट फिरवलं आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग समजावून सांगितलं. सारकोमाची गाठ वेष्टनात बसल्यासारखी गुळगुळीत दिसते, पण ते वेष्टन फसवं. गाठीनेच भोवतालचं मांस दाबून ते तयार केलेलं असतं आणि त्यातही तिच्या पेशी असतात. सोलून काढली की त्या मागे राहतात. म्हणून भोवतीच्या निरोगी मांसासकट ती अख्खी काढायची. छेदही पायाच्या लांबीने उभा हवा. माझा आडवा व्रण कातडीसकट काढताना एवढा रुंद खड्डा पडला की दुसऱ्या मांडीची कातडी आणून लावावी लागली. आणि काढलेल्या मांसात सारकोमाच्या पेशी सापडल्याच.

या दुसऱ्या ऑपरेशनच्या आधी पाच आठवडे, सोमवार ते शुक्रवार, रेडिएशन. ऑपरेशनआधी ते दिलं तर जखम चिघळण्याचा धोका वाढतो. कॅनडात १९० रुग्णांवर झालेल्या चाचणीत आधी घेतलेल्यांपैकी ३५ टक्क्यांना जखमेचा त्रास झाला, नंतर घेतलेल्यांपैकी १७ टक्क्यांना. पण आधी दिलं तर डोस कमी लागतो, ६६ ऐवजी ५० ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशन मोजायचं एकक), आणि पुढे पाय कमी ताठरतो. ऑपरेशननंतर जखमेतलं पाणी नळीने ज्यात यायचं त्या ड्रेनच्या बाटलीत रोज किती मिली भरलं ते सुमन वहीत लिहायची. १८० वरून ४० वर यायला तीन आठवडे लागले. ती वही अजून कपाटात आहे.

पाय जाईल, ही भीती आम्हालाही होती. पूर्वी यात पाय सर्रास कापायचे. अमेरिकेत डॉ. स्टीव्हन रोझेनबर्ग यांच्या चमूने ४३ रुग्णांवर केलेली चाचणी १९८२ मध्ये छापून आली: १६ जणांचा हात किंवा पाय काढला, २७ जणांचा वाचवून रेडिएशन दिलं. पाच वर्षांनी पहिल्या गटातले ८८ टक्के आणि दुसऱ्यातले ८३ टक्के हयात होते, आणि एवढ्या थोड्या रुग्णांत हा फरक धरण्याजोगा नव्हता. अवयव वाचवलेल्या चौघांची गाठ मात्र तिथेच परत आली. म्हणून तर पहिलंच ऑपरेशन नीट व्हायला हवं रे.

मोठ्या माणसांच्या शंभर कॅन्सरमध्ये हा जेमतेम एखादा. साध्या चरबीच्या गाठी कितीतरी पटीने जास्त, आणि तुझीही तसलीच निघो. माझ्या त्या डॉक्टरांवरचा राग आता ओसरलाय. पण एमआरआय सांगितला नाही, हे अजून पटत नाही. गाठ पाच सेंटीमीटरपेक्षा मोठी, खोल किंवा वाढती असेल तर तो हवाच. तुझी खोल आहे आणि गणपतीपासून वाढतेय, हे तूच सांगितलंस.

सुई लावली की पसरतो, असं वहिनींना कुणीतरी सांगितलंय. त्यांना सांग, सुई कुठून घालायची ते पुढे ऑपरेशन करणाऱ्याने ठरवलं, तर तिची वाटही गाठीबरोबरच काढून टाकतात.

मी आता चालतो, गाडी चालवतो. मांडी घालून बसता येत नाही. दर तीन महिन्यांनी छातीचा सीटी असतो, कारण हा पसरला तर बहुधा फुप्फुसात जातो. पुढची तारीख १८ ची आहे. तू तोवर एमआरआय उरकून घे, माझ्याबरोबरच परळला चल. नुसता रिपोर्टचा कागद आणू नकोस, सीडी मागून घे. तिथे आधी तीच बघतात.

तुझा,
वसंता