बीव्हरच्या नावावर बंधारे खपवू नका : मंत्रीमहोदयांना खुले पत्र

मा. मंत्रीमहोदय,
स. न. वि. वि.

मेअखेर सगळ्या को. प. (कोल्हापूर पद्धतीच्या) बंधाऱ्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या काढत्या-घालत्या फळ्या, निघतील, असा शब्द आपण दिला होता. पहिला जोराचा पाऊस पडून गेला, ओढ्याला लोंढा आला, बरगे अजून खाचेतच. चढणीचे, म्हणजे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर निघालेले, मासे खालच्या काँक्रीटवर अडले आणि लोकांनी घमेली भरभरून नेले. त्यात अंड्यांवर आलेल्या माद्याही गेल्या. तक्रारीवर खात्याचे उत्तर काय? म्हणे, अमेरिकेत बीव्हर नावाचा प्राणी ओढ्यांवर बांध घालतो आणि तिथे मासे वाढतात, तेव्हा आपल्या बंधाऱ्यांनी ते घटण्याचे कारण नाही!

दाखला दिलाच आहे, तर पुरता घ्या.

बीव्हरचा बांध फांद्या, चिखल आणि दगडांचा असतो, बहुधा मीटर-दीड मीटरचा, आणि तो अंगभर पाझरतो. पुरात कुठेतरी फुटतो किंवा पाणी कडेने वाट काढते. मासा त्याच वाटेने वर चढतो. आसपासची झाडे संपली की बीव्हर तळे सोडतो, बांध खचतो, गाळावर गवत माजते. म्हणून एकाच ओढ्यावर नवे तळे, गाळलेले तळे, फुटका बांध आणि खळाळते पाणी शेजारी शेजारी सापडते. माशांच्या जाती वाढतात त्या या सरमिसळीमुळे, नुसत्या तुंबलेल्या पाण्यामुळे नव्हे. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात ब्रिज क्रीक या ओढ्यावर माणसांनीच खुंट ठोकून, त्यांत फांद्या विणून तसे बांध केले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्टीलहेड या समुद्रातून नदीत चढणाऱ्या माशाच्या पिल्लांचे जगणे ५२ टक्क्यांनी वाढलेले दिसले.

आणि अमेरिकेतलेच विस्कॉन्सिन राज्य? तिथे ट्राउट या थंड पाण्यातल्या माशाच्या कित्येक ओढ्यांवरचे बीव्हरबांध सरकारच काढते. सपाटीवर तळ्याचे पाणी तापते, अंडी घालायची खडी गाळाखाली जाते. अर्जेंटिनाने १९४६ मध्ये दक्षिण टोकाच्या टिएरा डेल फ्यूगो बेटावर बीव्हर आणून सोडले, तिथल्या नदीकाठच्या जंगलाची वाट लागली. खात्याच्या उत्तरात हे कसे काय राहून गेले?

आता आपला ओढा. मळ्या हा बोटभर मासा तोंडाखालच्या चकतीने दगडाला चिकटतो आणि दगडावरचे शेवाळ खरवडून खातो. बंधाऱ्यामागे पाणी थांबले की दगडावर गाळाचा थर बसतो, मळ्याचे खाणेच संपते. त्या जागी चिलापी (तिलापिया) हा परका मासा माजतो. मग वजनकाट्यावर 'मत्स्योत्पादन वाढले', आणि प्रेस नोट तयार!

बीव्हरबांधाला फट असते, आपल्या सिमेंट नाला बांधाला नसते. सरळ उभी भिंत, माथ्यावर सपाट पाणी, खाली फरशी. उडी मारणाऱ्या माशालासुद्धा खाली भिंतीच्या उंचीच्या सव्वापट खोल पाणी लागते. फरशीवर वीतभरही नसते. लहान माशाला तर फूटभराची पायरीसुद्धा डोंगर. को. प. बंधारा त्या मानाने शहाणा आहे, कारण बरगे काढले की नदी मोकळी. पण ते वेळेत काढायचे कोणी?

करायचे ते अवघड नाही. बरगे पहिल्या पावसाआधी निघावेत आणि त्याची तारीख ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावी. नव्या नाला बांधाच्या माथ्यात खोलगट खाच ठेवा, तिच्याखाली मोठ्या दगडांचा उतार रचा, वीस फुटांना एक फूट किंवा त्याहून सौम्य. दगडांच्या ओळींमधली पायरी १० ते १५ सेंटिमीटरच्या वर नको. फटी काँक्रीटने लिंपू नका. ठेकेदार 'फिनिशिंग' म्हणून नेमके तेच करतो आणि लहान माशाला विसावा उरत नाही. खोलीकरण करताना डोह आणि खडीचा तळ सोडा. जेसीबीला दोन्ही सारखेच दिसतात, अभियंत्याला दिसू नयेत.

पण ऐकणार कोण? पाणी एका खात्याकडे, मासे दुसऱ्याकडे, वाळू तिसऱ्याकडे. मासेवाले खाते धरणात कटला-रोहूचे बीज सोडून मोकळे होते. ओढ्यातला मासा कुणाच्याच रजिस्टरात नाही. जलयुक्त शिवारवर साडेनऊ हजार कोटींहून जास्त खर्चूनही भूजल वाढवण्यात फारसे यश नाही, हे कॅगने २०२० मध्ये म्हटले. म्हणजे पाणी मुरले नाही ते नाहीच, वर मासाही अडवला. चढण हुकलेल्या वर्षी भोयांच्या जाळ्यात काय येते, याची नुकसानभरपाई कुठल्या लेखाशीर्षात बसते तेही कळवा.

बीव्हर तरी टेंडर काढत नाही. बरगे कोणी काढायचे होते, त्या अभियंत्याचे नाव आठ दिवसांत जाहीर करावे.

आपले,
ओढ्याकाठचे मासेमार व मत्स्य-अभ्यासक