संघात निवड झालेल्या लेकास

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

कबड्डीच्या संघात तुझी निवड झाल्याचं मामाने फोनवर सांगितलं. फार आनंद झाला. तुझ्या वयाच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटं तरी अंग मोडून हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तुझं ते सरावातच होतं. अकरावीचं वर्ष आहे म्हणून खेळ सोडू नकोस, बाबा काही म्हणोत.

पण एक सांगायचं आहे. पोरगं मैदानावर असलं की वाया जात नाही, असं आपल्याकडे सगळे धरून चालतात. ते अर्धंच खरं. किशोर आणि तरुण खेळाडूंवर दीर्घकाळ लक्ष ठेवून केलेले 17 अभ्यास 2014 च्या एका आढाव्यात तपासले होते. खेळणारी मुलं अमली पदार्थांपासून लांब राहतात असं बहुतेक ठिकाणी दिसलं, पण दारू त्यांच्यातच जास्त आढळली. मला नवल वाटलं नाही. आपल्या रायगडात रात्री उशिरापर्यंत सामने चालतात. चषक मिळाला की पार्टी, हरलो तरी पार्टी. तिथे सोळा वर्षांच्या पोराच्या हातात ग्लास देणारा परका नसतो रे. ज्याची पकड बघून तू पकड शिकलास, तोच असतो. त्याला नाही म्हणणं जड जातं, हे मला कळतं. तरी म्हण. सामन्यानंतर शरीराला पाणी, जेवण आणि झोप हवी असते. दारू त्यातली झोपही बिघडवते.

गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, पण आमच्या आरोग्य केंद्रात मी पोरांना तोंड उघडायला सांगते तेव्हा काहींची दोन बोटंही आत जात नाहीत. धड तोंडात तीन उभी बोटं सहज मावतात. सुपारीने गालाचं आतलं अस्तर ताठ होत जातं आणि ते पुन्हा पहिल्यासारखं होत नाही. ही मुलंही कुठल्या ना कुठल्या संघातलीच असतात. सरावाला निघताना कुणी पुडी पुढे केली, तर हे आठव.

शनिवारी बाबा मुरुडहून अलिबागला येताहेत. सामना संपला की अख्ख्या संघाने मामाकडेच जेवायला यायचं. मामीशी माझं बोलणं झालं आहे. मोठ्या मुलांनाही आठवणीने बोलाव. मासे कोण खात नाही, तेवढं शुक्रवारपर्यंत कळव.

तुझी,
आई