मातीकाम म्हणजे नुसता स्ट्रेसबस्टर नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हल्ली कुठलीही पुरवणी उघडा, हाताने सिरॅमिक्स बनवणं म्हणजे स्ट्रेसबस्टर, मेडिटेशन वगैरे वाचायला मिळतं. माझा त्यावर जरा आक्षेप आहे. मी हौसेने मातीकाम करते आणि खरं सांगू का, त्यात टेन्शन भरपूर असतं हो! चाकावर मातीचा गोळा सेंटर होईपर्यंत, म्हणजे बरोबर मधोमध न डगमगता फिरेपर्यंत, जीव वर-खाली, तो झाला तर भांड्याची भिंत वर ओढताना एक बोट जरा जास्त दाबलं गेलं की सगळं लडबडून खाली बसतं, आणि एवढं करून वाळल्या-भाजल्यावर भांडं साधारण दहा-बारा टक्के आक्रसतं, म्हणजे त्या हिशोबाने आधीच मोठं बनवायचं. भट्टीत फुटलं की सगळे हवेच्या बुडबुड्यांना शिव्या घालतात, पण बहुतेक वेळा खरा चोर आत राहिलेला ओलावा, त्याची वाफ होते आणि धडाम. म्हणून भट्टीत ठेवण्याआधी भांडं गालाला लावून बघायचं, गार लागलं तर अजून वाळलेलं नाही. व्हिडिओ बघून हे येत नाही, गालालाच कळतं.

फॅक्टरीतल्या मगला मी नावं ठेवत नाही, मी पण तेच वापरते. फक्त एकदा स्वतः हँडल चिकटवून बघितलं की दुसऱ्याच्या घरचा कप पण उलटा करून बघायची खोड लागते (लोक विचित्र नजरेने बघतात, बघू देत).

आणि ही अक्कल आजची नाही. चीनमधल्या शिआनरेन गुहेतली खापरं साधारण 20,000 वर्षांपूर्वीची, म्हणजे शेतीच्याही कितीतरी आधीची, कुंभाराचं चाक तर त्यानंतर हजारो वर्षांनी आलं. कच्चं भांडं पाण्यात टाकलं तर परत चिखल, पण साधारण 600 डिग्रीच्या वर भाजलं की ते परत विरघळत नाही, म्हणून लाकूड-कापड कुजून जातं आणि खापरं उरतात. काहींवर तर बनवणाऱ्याच्या बोटांचे ठसे पण सापडलेत, त्याचं नाव माहीत नाही, भाषा माहीत नाही, पण अंगठा कुठे टेकवला ते दिसतं.

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या वेळी मातीकामावरचा लेख 'रिलॅक्स व्हा'च्या पानावर नको, संगीत-नाटकाची परीक्षणं येतात त्या पानावर छापा. आणि रोज भांडी घडवून ज्यांचं पोट चालतं त्यांनाही एकदा विचारा, तुम्हाला यात किती रिलॅक्स वाटतं म्हणून.

आपली,
एक वाचक