शिवराळ मेलला उत्तर देऊ नका, पण तो पुसूही नका

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

ब्लॉग लिहिणाऱ्याला शिव्यांनी भरलेला मेल आला की भोवतालचे सगळे एकच सल्ला देतात: दुर्लक्ष करा. सल्ला चुकीचा नाही, अर्धवट आहे. दुर्लक्ष करायचं म्हणून माणूस मेल डिलीट करतो, पाठवणाऱ्याला ब्लॉक करतो आणि मोकळा होतो. पुढे त्याच पत्त्यावरून धमकी येते, तेव्हा आधीच्या तीस मेलपैकी एकही हाताशी नसतो. उत्तर न देणं वेगळं आणि नोंद न ठेवणं वेगळं. पहिलं जवळजवळ नेहमी बरोबर ठरतं, दुसरं हटकून अंगाशी येतं.

ब्लॉकचं बटण नेमकं काय करतं ते आधी पाहावं. जीमेलमध्ये ब्लॉक केलेल्या पत्त्यावरून मेल यायचे थांबत नाहीत. ते मुकाट्यानं स्पॅममध्ये जातात, आणि स्पॅममधलं सगळं ३० दिवसांनी आपोआप पुसलं जातं. कचरापेटीचंही तेच. म्हणजे डोळ्यांआड होतं खरं, पण पुरावाही महिन्याभरात जातो. त्यापेक्षा फिल्टर लावावा. पाठवणाऱ्याच्या रकान्यात तो पत्ता घालायचा आणि तीन खुणा करायच्या: इनबॉक्स वगळा, ठरावीक लेबल लावा, स्पॅममध्ये कधीही पाठवू नका. बहुतेकांची तिसरी खूण राहते, आणि मग जीमेलची स्वतःची चाळणी त्यातले काही मेल परस्पर स्पॅममध्ये ढकलते. लेबलला 'शिव्या' असं नाव मात्र देऊ नये. डावीकडच्या पट्टीत दिवसभर तेच दिसत राहतं. 'संग्रह २' चालेल.

जपायचं म्हणजे स्क्रीनशॉट काढायचा नव्हे. स्क्रीनशॉटमध्ये मजकूर दिसतो, तो कुठून आला हे दिसत नाही, आणि तसला स्क्रीनशॉट दहा मिनिटांत कुणालाही बनवता येतो. जपायचा तो मूळ मेल, हेडरसकट, म्हणजे तो कुठून आणि कोणत्या सर्व्हरांमधून आला याच्या एरवी न दिसणाऱ्या नोंदीसकट. जीमेल संगणकावर उघडून मेलच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांच्या यादीतून 'मूळ दाखवा' निवडलं की पूर्ण हेडर दिसतं आणि तिथूनच डॉट ईएमएल फाइल उतरवून घेता येते. फोनवरच्या ॲपमध्ये ही सोय नाही. फाइल उतरवली की तिला हात लावायचा नाही. टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून पुन्हा सेव्ह केली आणि त्यात एखादं न दिसणारं चिन्ह बदललं, तर डीकेआयएमची सही जुळेनाशी होऊ शकते. ही आपोआप लागणारी डिजिटल सही पाठवणाऱ्या डोमेनची, म्हणजे पत्त्यात '@'पुढे येतं तशा नावाची असते; मजकूर तिथूनच निघाला आणि वाटेत कुणी बदलला नाही, एवढं तिच्यावरून सांगता येतं. साध्या फॉरवर्डमध्ये हे हेडर गळून पडतं आणि पुढे पाठवणाऱ्याचं लागतं. कुणाला दाखवायचाच असेल तर मेल संलग्नक म्हणून फॉरवर्ड करावा.

हेडर वाचायचं खालून वर. प्रत्येक सर्व्हर आपली 'रिसीव्ह्ड' ओळ वरच्या बाजूला जोडत जातो, त्यामुळे प्रवासाची सुरुवात तळाशी असते. गंमत अशी की तळाच्या ओळी पाठवणारा खोट्याही घालू शकतो. भरवशाच्या त्या आपल्या सेवादात्याच्या सर्व्हरनं घातलेल्या, म्हणजे वरच्या. त्यांच्या आसपास 'ऑथेंटिकेशन रिझल्ट्स' अशी ओळ सापडते. तिच्यात एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या पाठवणारं डोमेन पडताळणाऱ्या तीन चाचण्यांपुढे पास की फेल ते लिहिलेलं असतं. डीमार्क पास असेल तर पत्त्यातलं डोमेन खरं मानायला हरकत नाही. फेल असेल तर 'कडून'पुढचं नाव कुणाचंही असू शकतं; ती ओळ पाठवणारा स्वतः भरतो, पाकिटाच्या मागे कुणीही कुणाचाही पत्ता लिहावा तशी. आणि सगळं पास झालं तरी माणूस कोण ते कळत नाहीच, कारण फुकटचं खातं कुठल्याही नावानं उघडता येतं. जीमेलच्या संकेतस्थळावरून लिहिलेल्या मेलमध्ये लिहिणाऱ्याचा आयपी पत्ता नसतो. तेव्हा 'आयपीवरून हुडकून काढतो' म्हणणारा हौशी मित्र बहुधा गूगलच्याच सर्व्हरपर्यंत जाऊन परत येतो.

एवढ्यासाठीच नाव-पत्त्यासकट मेल चव्हाट्यावर मांडू नये. ते नाव दुसऱ्याच कुणाचं निघालं तर आपल्या वाचकांची झुंड एका निरपराध माणसावर तुटून पडते, आणि ती मागे बोलावता येत नाही. शिवाय पत्र आपल्याला आलं तरी त्यातल्या मजकुराचा कॉपीराइट बहुतेक देशांत लिहिणाऱ्याकडेच राहतो. शिवराळ मेल छापण्याची वहिवाट ठेवायची असेल तर तसं संपर्काच्या पानावर आधीच लिहून ठेवावं आणि छापताना पत्ता गाळावा. आमच्या मते तीही वहिवाट फारशी बरी नाही. आपला मेल छापून आला, हेच काहींना पदकासारखं वाटतं.

उत्तर द्यावं असा मेल ओळखायची रीत साधी आहे. मजकूर कोऱ्या पानावर उतरवून त्यातल्या शिव्या, विशेषणं आणि आपल्या खानदानाचे उल्लेख खोडायचे. उरलेल्यात तपासता येईल असं काही आहे का ते बघायचं. समजा मेल असा आहे: 'अकलेचे तारे तोडू नका. डोंगरावर पाणी १०० अंशांना उकळत नाही, एवढं शाळकरी पोरालाही कळतं. तुमच्यासारख्या दीडशहाण्यांनी लेखणी मोडून टाकावी.' खोडाखोड केल्यावर उकळणारं पाणी उरतं, आणि तिथे वाचकाचं बरोबर आहे. उत्तर दोन वाक्यांचं: 'उंचीवर हवेचा दाब कमी असल्यानं पाणी १०० अंशांच्या आधीच उकळतं, हे बरोबर आहे. लेखात दुरुस्ती केली आहे.' बस्स. 'मुद्दा योग्य, पण भाषा सुधारा' हे तिसरं वाक्य घातलं की पुढचा मेल फक्त त्या वाक्यावर येतो. आभारसुद्धा मानू नयेत. चिडलेल्या माणसाला ते टोमण्यासारखे लागतात. अशा कोरड्या उत्तरावर कधी कधी चक्क ओशाळलेला मेल येतो. पलीकडे कुणी खरोखर वाचत असेल हे त्या बिचाऱ्याच्या ध्यानीमनीही नसतं.

उत्तर लिहिताना 'प्रति'चा रकाना रिकामा ठेवावा आणि पत्ता दुसऱ्या दिवशी भरावा. पाठवलेला मेल मागे घ्यायची जीमेलमधली मुदत जास्तीत जास्त ३० सेकंदांची असते. राग तेवढ्यात उतरत नाही.

खोचक उत्तराचं काय? अमेरिकेतल्या क्लीव्हलँड ब्राउन्स या फुटबॉल संघाचं १९७४ सालचं पत्र या बाबतीत नेहमी पुढे केलं जातं. प्रेक्षक कागदी विमानं उडवतात, इजा झाली तर दावा लावीन, असं एका वकिलानं संघाला लिहिलं होतं. संघाच्या वकिलानं उलट कळवलं की कुणीतरी गाढव तुमच्या नावानं मूर्खपणाची पत्रं लिहीत आहे, हे आपल्या कानावर घालावंसं वाटलं. वाचायला मजा येते, वादच नाही. पण तिथे तक्रार करणारा नावानिशी समोर होता आणि उत्तर देणाऱ्याच्या पाठीशी अख्खी संस्था उभी होती. एकट्या लेखकानं निनावी माणसाला असं सुनावलं की त्याला हवं ते मिळतं: आपला वेळ, आपला राग आणि पुढे मिरवायला आपल्याच हातचा मजकूर. २००७ साली तंत्रज्ञानाच्या पुस्तकांचे प्रकाशक टिम ओ'रायली यांनी ब्लॉगलेखकांसाठी आचारसंहिता सुचवली, तिच्यात जाहीर उत्तराआधी खासगीत बोलावं असं एक कलम होतं. ओळखीच्या माणसाशी खटका उडाला असेल तर ते उत्तमच. शिवीगाळ करणाऱ्या अनोळखी माणसाला मात्र खासगी संवाद हेच बक्षीस असतं.

आपण एक ओळ लिहिली तरी तिच्याबरोबर बरंच काही जातं. आपोआप जोडल्या जाणाऱ्या सहीतला फोन नंबर, कार्यालयाचं नाव, आपण जागे असण्याची वेळ. सर्वांत घातक म्हणजे सुट्टीचं आपोआप उत्तर: 'मी २० तारखेपर्यंत बाहेरगावी आहे' हे त्यालाही जातं. जीमेलमध्ये ते फक्त संपर्क यादीतल्यांना पाठवायची सोय आहे, ती चालू ठेवावी. मेलमधल्या बाहेरच्या प्रतिमा विचारल्याशिवाय दिसू नयेत अशीही सेटिंग असते. एका ठिपक्याएवढ्या प्रतिमेवरून मेल उघडला गेल्याचं पाठवणाऱ्याला कळू शकतं.

पुन्हा पुन्हा लिहिणाऱ्याच्या बाबतीत सगळ्यात वाईट काय, तर एकोणीस मेल सोसायचे आणि विसाव्याला उत्तर द्यायचं. आपल्याला वाटतं आपण विषय संपवला. तो शिकतो की उत्तराचा भाव वीस मेल आहे. एकदा गप्प बसायचं ठरवलं की गप्पच. सुरुवातीला मेलना ऊत येतो, भाषा आणखी चढते. नेमक्या त्याच टप्प्यावर बहुतेकांचा धीर सुटतो.

शिवी आणि धमकी यांतला फरक शब्दांच्या गलिच्छपणावरून ठरत नाही. पानभर आईबहिणीवरून लिहिणारा पुढे काहीच न करण्याची शक्यता असते, आणि 'मुलगी सव्वासातला निळी सायकल घेऊन निघते ना?' एवढी एकच सभ्य ओळ झोप उडवायला पुरेशी असते. वेळ, ठिकाण, घरातली माणसं, किंवा आपण कुठेही जाहीर न केलेला तपशील मेलमध्ये आला की तो वेगळा काढायचा. पाठवणाऱ्याला 'पोलिसांत जातो' असंसुद्धा कळवायचं नाही, सरळ जायचं. त्याच दिवशी, कारण सेवादात्यांकडचे लॉग, म्हणजे कोण कधी कुठून जोडलं गेलं याच्या नोंदी, कायम राहत नाहीत आणि ते राखून ठेवायची मागणी तपास यंत्रणेकडून लवकर गेली तरच उपयोग. सोबत डॉट ईएमएल फाइली आणि एक साधा तक्ता न्यावा: तारीख, वेळ, पत्ता, विषय, एका ओळीत आशय, आपण काय केलं. तीस सुटे मेल वाचायला कुणाला सवड नसते; एका पानावर भाषा कशी चढत गेली ते लगेच दिसतं. घरच्यांनाही त्याच दिवशी सांगावं. तपशील बाहेर कुठून गेला तेही शोधावं. फोटोच्या फाइलीत दडलेलं ठिकाण आणि डोमेन नोंदणीतला उघडा पत्ता या नेहमीच्या फटी.

हे सगळं लेखकानंच वाचलं पाहिजे असं नाही, किंबहुना वाचूच नये. ब्लॉगसाठी वेगळा पत्ता ठेवावा, त्याचा पासवर्ड घरच्या हिशेबांपासून आणि बँकेपासून लांब, आणि ते लेबल आठवड्यातून एकदा विश्वासातल्या दुसऱ्या माणसानं चाळावं. त्यानं सांगायचं ते दोनच बाबतीत: दुरुस्ती निघाली तर, आणि धमकी असेल तर. बाकीचं 'विशेष काही नाही' एवढ्यावर भागतं.

एकाएकी शेकडो वर्गणी-पत्रं आणि नोंदणीचे मेल कोसळू लागले तर मात्र त्यावर फक्त चरफडत बसू नये. आपला पत्ता कुणीतरी जागोजागी नोंदवलेला असतो, आणि कधी कधी त्या ढिगाऱ्याखाली पासवर्ड बदलल्याचा किंवा खरेदीचा एखादा खरा मेल गाडायचा असतो. आधी 'पासवर्ड', 'ऑर्डर' आणि बँकेचं नाव शोधावं, साफसफाई नंतर.

आपले,
काही ब्लॉगलेखक