माळ्यावरचं रान

वाळपई, सत्तरी
११ डिसेंबर

प्रिय सुमन,

सप्रेम नमस्कार.

तुझा निरोप पोचला. “शालीला म्हणावं पन्नाशी झाली, आता झाडांवर काय चढतेस.” निरोप आणणारीनं त्यात आपल्या पदरची भरही घातली असणार, पण मुद्दा तुझाच, हे ओळखलं. फोनवर सांगायला गेले तर तू मधेच हसतेस आणि माझा धागा तुटतो. म्हणून हे पत्र.

तर होय गो, चढले. एकदा नाही, तीनदा. केरीला मामाच्या कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या, वरच्या अंगाला रानाला लागून जो पाटफणस आहे ना, त्याच्यावर. अभयारण्यात तसं परवानगीशिवाय चढता येत नाही, आणि ते बरंच आहे.

तुला तिथला दुसरा फणस आठवतोय का? आपण पाचवीत होतो. तू वर, मी खाली ओचा धरून, आणि मामी हातात शिपटी घेऊन: “पोरीच्या जातीनं झाडावर पाय ठेवला तर झाडाला फळ धरत नाही.” तू भीतीनं आणखीच वर गेलीस आणि शेवटी पाडेल्याला बोलावून तुला उतरवावं लागलं. त्या पाडेल्याचीच मला हल्ली फार आठवण येते. पायांत दोरीचं वळं अडकवून तो एका पोफळीवर चढायचा, शेंड्याशी पोचला की अंगाच्या झोक्यानं ती पोफळ वाकवायचा, शेजारचीला हात घालायचा आणि तिच्यावर जायचा. जमिनीला पाय न लावता दहा-पंधरा पोफळींची सुपारी उतरवायचा. पावसाळ्यात कोळेरोगाचं बोर्डो मिश्रण मारायला गेला तरी तसंच. आपल्याला वाटायचं हा सर्कशीतला खेळ. आज कळतं, झाडांच्या शेंड्याशेंड्यांवरून वाट असते हे आपल्या गावात माहीत असलेला तो एकटाच माणूस होता.

चढायची रीत मात्र आता वेगळी आहे. भाचा वनस्पतिशास्त्र शिकतो, त्याच्या मित्रांकडे दोर आहेत. मोठ्या गलोलीनं शिसं भरलेली चिमुकली पिशवी फांदीवरून पलीकडे टाकायची, तिच्यामागून बारीक दोरी, दोरीमागून जाड दोर. पिशवी आठव्या खेपेला नीट पडली. मग कमरेला आणि मांड्यांना पट्टे, आणि दोराला दोन चिमटे, जे वर सरकतात पण खाली सरकत नाहीत. त्यांना जुमार म्हणतात. बसायचं, पाय ताणायचे, उठायचं, चिमटा वर सरकवायचा, परत बसायचं. सत्तावीस वर्षं पोरांना उठाबशा काढायला लावल्या, त्यांचा हिशेब पाटफणसानं एका सकाळी चुकता केला.

साधारण साठ फुटांवर पहिली मोठी फांदी. तिथे पोचेपर्यंत माझं लक्ष फक्त दोराकडे होतं. फांदीवर बूड टेकवलं आणि पहिली गोष्ट जाणवली ती उजेड. सदाहरित रानात जमिनीपर्यंत पोचतो तो उजेड वरच्या उजेडाच्या शंभरातला एक-दोन भाग असतो, हे वाचलेलं होतं. पण वाचणं वेगळं आणि विहिरीतून वर आल्यासारखे डोळे मिटावे लागणं वेगळं. खाली कुळागराचा गारवा, वर कोरडा वारा, ऊन अंगाला लागणारं. एकाच झाडाची दोन पानं मी खिशात घालून आणली. खालच्या फांदीचं पान रुंद, पातळ, गडद. शेंड्याकडचं आखूड, जाड, चामड्यासारखं. एकाला मिळेल तो कवडसा गोळा करायचाय, दुसऱ्याला उन्हात भाजून न निघता टिकायचंय. वहीत एकमेकांशेजारी चिकटवली आहेत. बघितलंस तर म्हणशील दोन झाडांची.

याला मराठी पुस्तकांत ‘वनछत्र’ म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. छत्र म्हणजे वरून एकसंध तणावलेलं काहीतरी. इथे तर गल्ल्या आहेत, अंगणं आहेत, शेजाऱ्याच्या फांदीला फांदी लागू नये म्हणून ठेवलेली पदरभर वाट आहे. आपल्या जुन्या घरांच्या माळ्यासारखं हे. खालच्यांना फक्त वर काहीतरी पडल्याचा आवाज येतो.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. माझ्या डाव्या हाताला फांदीवर बाशिंगाचा झुपका होता. तेच गो, नेच्याच्या जातीतलं, आपण भातुकलीत ज्याची पानं नवऱ्याच्या कपाळाला बांधायचो ते. त्याला दोन तऱ्हेची पानं असतात हे मला त्या दिवशी कळलं. लांब, कातरलेली, हिरवी ती आपल्या ओळखीची. दुसरी आखूड, तपकिरी, खरखरीत, फांदीला टोपलीसारखी चिकटलेली. ती वाळतात पण झडत नाहीत. त्यांचं कामच टोपली होऊन राहण्याचं. वरून पडणारा पाचोळा, शेकरूनं कुरतडून टाकलेली सालं, पाखरांची शीट, सगळं त्यात साठतं आणि कुजतं. मी बोट घातलं तर दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं. काळी माती. पाऊस जाऊन दीड महिना झाला होता तरी ओली. नाकाशी नेली तर कुळागराच्या पाटाकडेचा वास. त्या मूठभर मातीत एक पिटुकली गोम, दोन-तीन मुंग्या, आणि वडाच्या जातीचं चार पानांचं एक रोप. त्याचं केसासारखं पांढरं मूळ टोपलीच्या बाहेर पडून खालची वाट शोधत होतं. जमिनीपासून साठ फुटांवर माती, सुमन! आणि आपण भूगोलात पोरांना सांगतो, माती म्हणजे पृथ्वीचा वरचा थर. तोही बरोबरच म्हणायचा, नाही का?

घरी आल्यावर यावर मिळेल ते वाचलं, आणि त्यात भेटली एक नाडकर्णी. नलिनी नाडकर्णी. वडील भारतातून अमेरिकेत गेलेले, ही तिथेच वाढली. शिकत असतानाच वॉशिंग्टन राज्यातल्या पावसाळी रानात दोरानं झाडांवर चढायची. तिनं तिथल्या मेपलच्या फांद्यांवरची शेवाळं उचलून बघितली तर खाली मातीचा जाड थर, आणि त्या मातीत मुळं. बांडगुळाची नव्हेत, ऑर्किडची नव्हेत, खुद्द त्या झाडाची. झाडानं स्वतःच्याच फांदीतून मूळ काढून खांद्यावर साठलेली माती खायला घेतली होती! १९८१ साली हे ‘सायन्स’मध्ये छापून आलं. पुढे कोस्टा रिकातल्या मोंतेवेर्देच्या ढगाळ रानात तिनं कित्येक वर्षं काम केलं. पोरींनी झाडावर चढावं म्हणून तिला बार्बीची झाडावर चढणारी बाहुली हवी होती. खेळण्यांच्या कंपनीनं रस दाखवला नाही, तेव्हा जुन्या बाहुल्या आणून हिनं आणि हिच्या लोकांनी त्यांना बूट-हेल्मेट चढवलं. २०१५ साली सुमारे पन्नास फुटांवरून पडली, हाडं मोडली, बरी झाली आणि परत चढली. मामी असती तर तिला हे सगळं वाचून दाखवलं असतं. “नाडकर्ण्यांची पोर?” असं म्हणून आधी कुळ विचारलं असतं तिनं.

वर कोण राहतं ते मोजायच्याही नाना तऱ्हा. टेरी अर्विन नावाच्या माणसानं पनामात एकाच जातीच्या १९ झाडांवर कीटकनाशकाचा धूर सोडला आणि खाली पडेल ते गोळा केलं. आपण बकुळीखाली चादर पसरायचो तसं, फक्त फुलांऐवजी भुंगेरे. बाराशेच्या आसपास जाती भरल्या. त्यावरून १९८२ मध्ये दोन पानी लेखात त्यानं गणित मांडलं की जगात कीटक आणि त्यांच्या भाऊबंदांच्या तीन कोटी जाती असाव्यात. पुढच्या लोकांनी तो आकडा बराच खाली आणला. मला धूर सोडायची कल्पना आवडली नाही, पण त्या एका लेखानं कितीजणांना वर बघायला लावलं हेही खरं. फ्रेंचांनी तर १९८६ मध्ये गरम हवेच्या फुग्यासारख्या जहाजातून झाडांच्या शेंड्यांवर तराफा उतरवला. आपल्याकडे तमिळनाडूत कळक्काडच्या रानात काकाची म्हणून जागा आहे. तिथे सौभद्रा देवी आणि टी. गणेश यांनी दोरांवरून चढून कुलेनियाच्या झाडांवर रात्री जागवल्या. त्या फुलांना पाकळ्या नसतात, नुसता मांसल, गोडसर भाग, आणि तो खायला माकडं, शेकरू, उडत्या खारी, वटवाघळं अशी रांग लागते.

आपलं सत्तरीचं रान तसं नाही, हे मान्य करायला हवं. खरं सदाहरित रान म्हादईच्या आणि नेत्रावळीच्या दऱ्याखोऱ्यांत आहे, बाकी बरंचसं निमसदाहरित आणि पानझडी. जूनपासून चार महिने धो धो, आणि मग पुढच्या पावसापर्यंत जवळजवळ थेंब नाही. म्हणून इथल्या माळ्यावरच्या भाडेकरूंना उपाशी राहायची सवय करून घ्यावी लागते. बाशिंगाची हिरवी पानं उन्हाळ्याकडे गळतात. नागलीचं ऑर्किड तर पानं टाकून नुसत्या काड्यांवर उभं राहतं आणि ऐन कोरड्या दिवसांत त्याच उघड्या काड्यांना फुलं काढतं. खालून तुला वाटेल फांदीला वाळका कचरा लागलाय.

फजितीही सांगते, नाहीतर ती तुला दुसरीकडून कळेलच. दुसऱ्या खेपेला मी आधाराला म्हणून हिरव्या पानांच्या गोळ्याला हात घातला. हुमल्यांचं, त्या चावऱ्या लाल मुंग्यांचं घरटं! पानाच्या कडा शेजारीशेजारी ओढून धरायच्या आणि आपल्याच अळ्यांना दोऱ्याच्या रिळासारखं इकडून तिकडे फिरवून त्यांच्या रेशमानं शिवायच्या, ही त्यांची शिवणकला मला चांगली ठाऊक होती, वर्गात शिकवलेली. त्या क्षणी काही आठवलं नाही. मानेत, बाहीत, केसांत. मी ओरडले, दोर सुटला नाही पण मी फिरकीसारखी फिरत वीस मिनिटं लोंबकळले आणि खाली भाचा शांतपणे सांगत होता, “मावशी, हात हलवू नको.” सांगायला काय जातं!

निरंकाराच्या रायीत, त्या देवराईत, आपण रामपत्री वेचायला जायचो, आठवतं? गुडघ्याएवढ्या चिखलात, ती कोपरासारखी वाकलेली मुळं. तिथे बिया अशा टाकल्यासारख्या का पडलेल्या असतात हा प्रश्न आपल्याला कधी पडलाच नाही. कधी तरी वर धनेश फळं खात असतील, कधी शेकरू. आपण अख्खं लहानपण माळ्यावरचा केर वेचण्यात घालवलं आणि त्यालाच रान म्हटलं. मला याचं वाईट वाटत नाही, केर फार चांगला होता. पण चवथीला गणपतीवर बांधलेल्या माटोळीखाली बसले होते यंदा, डोक्यावर कवंडळं, आंबाडे, घागऱ्या, सुपारीचे घोस, आणि पहिल्यांदा वाटलं की बाबा दरवर्षी नेमकं काय बांधायचे ते आता कळलं.

एक वाईट गोष्टही लिहायची आहे. आपल्या शाळेकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या झाडांचे शेंडे मिळालेले होते, भर दुपारी सावली. रस्ता रुंद करताना ती रांग गेली. झाडं किती तोडली ते कागदावर असेल, पण वरची वाट तुटली ते कुठल्याच कागदावर नाही. शेकरू वीस फुटांपर्यंत उडी मारतं, त्यापुढे त्याला खाली उतरावं लागतं आणि जमिनीवर ते अगदीच बावळट. श्रावणात मला एक रस्त्यावर मेलेलं मिळालं. शेपूट अजून फुललेली होती. मी उचलून कडेच्या किंदळीच्या मुळाशी ठेवलं आणि शाळेत जाऊन तास घेतला. मोल्याच्या रानातून जाणारा लोहमार्ग, महामार्ग आणि वीजवाहिनी यांच्याविरुद्ध २०२० मध्ये एवढी पोरं उभी राहिली, आणि लोहमार्ग दुपदरी करायला दिलेली वन्यजीव मंजुरी मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रद्द केली, तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या. आमच्या या दीड किलोमीटरसाठी मी साधा अर्जही केला नव्हता. आता केला आहे. वाल्पराईला तमिळनाडूत माकडांसाठी रस्त्यावरून झाडाझाडांना पूल बांधलेत, तसा एक बांधा म्हणून. उत्तर आलेलं नाही. भाचा म्हणतो जुने दोर आपणच बांधू, मी म्हणते आधी पोचपावती तरी येऊ दे.

तू मेच्या सुटीत ये. त्या सुमाराला सीतेची वेणी फुलते आणि पावसाआधीचे ते चिकट दिवस मला एकटीला काढवत नाहीत. तुझं वजन किती ते खरं कळव, पट्टे त्याप्रमाणे लावावे लागतात. येताना जुनी पँट आण, साडीत वर जाता येत नाही, मी विचारून घेतलं आहे. काकांना माझा नमस्कार. मुलाच्या परीक्षेचं काय झालं ते लिही.

तुझीच,
शाली

ता. क. पाटफणसाला माघ-फाल्गुनात फुलोरा येतो आणि मेपर्यंत फळं पिकतात. मी तीनदा पाय ठेवला आहे. यंदा धरतात की नाही, ते तू आलीस की दोघी मिळून बघू.