ये, पण आधी हे वाच

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं आणि रात्री जेवणानंतर सगळ्यांना वाचून दाखवलं. तुझे प्रश्न सरळ होते. एवढ्याशा बोटीत पाच माणसं महिनोन्‌महिने राहता, भांडणं होत नाहीत का? आणि मी सहावा आलो तर चालेल का? दुसऱ्याचं उत्तर सगळ्यांनी एकदमच दिलं: ये. पहिल्याचं उत्तर एका वाक्यात मावत नाही, आणि तू येण्याआधी ते तुला कळायला हवं. म्हणून हे लांबलचक पत्र.

सध्या आम्ही फ्रेंच पॉलिनेशियातल्या तुआमोतू बेटांत आहोत, फाकारावा या कड्यासारख्या प्रवाळबेटाच्या आग्नेय कोपऱ्यात, हिरिफाला नांगर टाकून. डोंगर नाही, टेकडी नाही. समुद्रातून दोन-तीन मीटर वर आलेली प्रवाळाची अरुंद पट्टी, तिच्यावर माड, आणि पट्टीच्या आत साठेक किलोमीटर लांबीचं शांत लगून, म्हणजे प्रवाळाने वेढलेलं समुद्राचं पाणी. बाहेरून येताना जमीन आधी दिसतच नाही. दिसतात ते माडांचे शेंडे, तेही आठ-दहा मैलांवर आल्यावर. फ्रेंच दर्यावर्दी बूगँव्हिलने १७६८ साली या बेटांना ‘धोक्याचा द्वीपसमूह’ म्हटलं ते उगाच नाही. १९४७ मध्ये थॉर हेयरदाल आणि त्याचे पाच साथी कोन-टिकी या बाल्सा लाकडाच्या तराफ्यावरून १०१ दिवस पॅसिफिक कापत आले ते इथल्याच रारोइआ बेटाच्या प्रवाळभिंतीवर आदळले. सगळे जिवंत राहिले, पण त्या भिंतीचे फोटो बघितलेस तर नशीब म्हणजे काय ते कळेल.

बेटाजवळ येताना मी खोली दाखवणाऱ्या यंत्राकडे बघत बसतो. बराच वेळ त्याला तळच सापडत नाही, पडद्यावर नुसत्या रेघा. मग अचानक आकडा उमटतो आणि बघता बघता वीस मीटरवर येतो. ज्वालामुखीचं बेट हळूहळू खचत जातं, त्याच्या कडेने प्रवाळ वर वर वाढत राहतो, आणि शेवटी मधलं बेट बुडून नुसतं कडं उरतं, हे डार्विनने १८४२ साली मांडलं. त्याची खात्री पटायला १९५२ उजाडलं. पॅसिफिकमधल्याच एनिवेटॉक या अशाच बेटाला भोक पाडलं तेव्हा बाराशे मीटरहून जास्त चुनखडीखाली बेसॉल्ट, म्हणजे ज्वालामुखीचा खडक, लागला. म्हणजे आमच्या नांगराखालीही एक अख्खा डोंगर बुडालेला आहे. हा विचार माझ्या मनातून जात नाही.

लगूनमध्ये शिरायचं ते ‘पास’मधून, म्हणजे भिंतीला पडलेल्या खिंडारातून. दक्षिणेच्या मोठ्या लाटा भिंतीवरून सतत आत पाणी ओतत असतात आणि त्या सगळ्या पाण्याला बाहेर पडायला एक किंवा दोनच वाटा. त्यामुळे भरती-ओहोटीच्या कोष्टकावर इथे डोळे मिटून विसंबता येत नाही. समुद्र मोठा असेल तर भरतीच्या वेळीही पाणी बाहेरच धावत असतं. काही पासांत तो प्रवाह सहा नॉटच्या (ताशी सहा सागरी मैलांच्या) वर जातो, आणि आमचं इंजिन पूर्ण जोरात साडेसहा देतं. बाहेर धावणाऱ्या पाण्याला समोरून वारा भिडला तर पासच्या तोंडाशी लाटा जागच्या जागी उभ्या राहतात.

आम्ही आत शिरतो तेव्हा बोटीवर कुणी गप्पा मारत नाही. कप्तान सुकाणूवर. ताई इंजिनाशी, कारण त्याचा आवाज बदलला तर तो सगळ्यांत आधी तिला कळतो. मास्तर घड्याळ आणि कोष्टक घेऊन. डॉक्टर डोलकाठीवर, आडव्या दांडीपर्यंत चढून. मी नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, पाण्यावरची चमक कापणारा पोलराइज्ड चष्मा लावून. सूर्य उंच आणि पाठीमागे असला तरच आत जायचं, हा नियम. गडद निळं म्हणजे खोल. फिकट हिरवं-निळं म्हणजे वाळू, चालेल. तपकिरी किंवा पिवळट दिसलं की तो प्रवाळाचा खडक, आणि तो पाण्याखाली हातभर असेल की तीन मीटर, हे नाळेवरून सांगणं फार अवघड. अशा वेळी मी फक्त हाताने खुणा करतो. डावीकडे, उजवीकडे, थांब. ओरडलेलं वाऱ्यात ऐकू येत नाही. माझ्या हातावर कप्तान पंधरा टनांची बोट वळवतो, एकदाही ‘नक्की का?’ असं न विचारता. असा विश्वास मला कुठल्या नोकरीत मिळाला नव्हता.

इथे तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सुरू होतं. जागा लहान आहे हे खरं, पण काम कायम जागेपेक्षा मोठं असतं, आणि ते एकट्याने होणारं नसतं.

पाण्याचंच बघ. गोडं पाणी आम्ही समुद्रापासून बनवतो. यंत्र खारं पाणी हवेच्या दाबाच्या पन्नास-साठ पट दाबाने एका पडद्यातून ढकलतं. वीज छपरावरच्या सोलर पॅनेलची. दोन दिवस ढग राहिले की पाणी कमी, मग अंघोळ समुद्रात आणि शेवटी फक्त अंगावरचं मीठ जाईल एवढं गोडं पाणी. भांडी आधी समुद्राच्या बादलीत धुवायची, मग फवारणीच्या बाटलीने शेवटचा हात. ताई एक ताट धुताना बाटली किती वेळा दाबते ते मी बघत बसलो होतो. चारदा. पुढून दोनदा, मागून दोनदा, आणि ताट लख्ख. कुणी कुणाला ‘पाणी जपून वापर’ म्हणत नाही. म्हणावं लागलं तर काहीतरी बिघडलंय असं समजावं.

भांडणं होतात, लपवत नाही. ओला टॉवेल दुसऱ्याच्या बिछान्यावर राहणं, पहाटे चहा करताना स्टोव्हचा आवाज, कुणाची तरी तीच गोष्ट चौथ्यांदा ऐकणं, अशी. आमचे दोन नियम आहेत. मनात आलेलं सूर्य मावळायच्या आत बोलून टाकायचं. आणि नाळेवर कुणी आपल्याकडे पाठ करून बसलं असेल तर त्याला हाक मारायची नाही. तेवढा वेळ ती त्याची खोली आहे, आणि तिला दार नसलं तरी ती बंद आहे. हा दुसरा नियम मला फार मोलाचा वाटतो. इतक्या जवळ राहून एकमेकांना एकटं राहू देणं ही मैत्रीतली मोठी गोष्ट आहे, आणि ती आम्हाला इथे येऊन जमली.

आता एका रात्रीबद्दल लिहितो, कारण तुला धोका माहीत असायला हवा. जमिनीवर राहणाऱ्याला वाटतं की नांगर टाकला म्हणजे बोट बांधली. तसं नसतं. खोलीच्या पाचपट तरी साखळी सोडावी लागते, तेव्हा नांगर आडवा ओढला जाऊन वाळूत रुततो. पण इथे वाळूत मधे मधे प्रवाळाचे खडक आहेत. बोट वाऱ्याबरोबर फिरली की साखळी त्यांना विळखा घालते, मोकळी लांबी संपते आणि प्रत्येक लाटेला हिसका बसतो. प्रवाळही मोडतो, त्याचं वाईट वाटतं ते वेगळंच. यावर इलाज म्हणून साखळीला ठरावीक अंतरावर तरंगे बांधून ती तळापासून उचलून धरतात. मोत्यांच्या शेतीवरून सुटून आलेले तरंगे वाऱ्याकडच्या किनाऱ्यावर पडलेले असतात, आम्ही तेच गोळा केले.

त्या संध्याकाळी मास्तर वायुभारमापक बघून म्हणाले, पश्चिमेकडून काहीतरी येतंय. इथला नेहमीचा वारा आग्नेयेचा. त्याचा जोर वाढला की इथले लोक त्याला ‘मारामू’ म्हणतात. त्या वाऱ्यात आम्ही बेटाच्या आडोशाला असतो. पण वारा पश्चिमेला फिरला की सगळं उलटं होतं. लगूनची सगळी रुंदी लाटांना मोकळी मिळते आणि आडोशाचा किनारा बोटीच्या पाठीशी येतो. आम्ही डिंगी, म्हणजे किनाऱ्यावर जायची छोटी होडी, वर घेतली, डेकवरचं सगळं बांधलं, पहाऱ्याच्या पाळ्या लावल्या. मध्यरात्रीनंतर वारा एकदम पडला. अर्ध्या तासाने पश्चिमेकडून आला तो पावसाची भिंत घेऊनच. मी नाळेकडच्या बिछान्यात होतो आणि लाकडातून साखळीचा आवाज कानात शिरला, प्रवाळावर लोखंड घासल्याचा, दात चावल्यासारखा. मी वर पोचलो तेव्हा ताईने इंजिन सुरू केलंच होतं. उजाडेपर्यंत आम्ही ते मंद गतीने पुढे चालवत ठेवलं, साखळीवरचा ताण कमी करायला. कप्तान सुकाणूवर. मी टॉर्च घेऊन नाळेवर, साखळी कुठल्या दिशेला ताणली आहे ते हाताने दाखवत. डॉक्टर किनाऱ्यापासूनचं अंतर दर पाच मिनिटांनी मोठ्याने सांगत. मास्तर सगळ्यांच्या हातात गरम पेले देत फिरत होते. मागे फेसाळ पांढरी रेघ दिसत होती, जवळ, फार जवळ. उजाडल्यावर डॉक्टरने बुडी मारली आणि एका खडकाला अडकलेला विळखा सोडवला. तो वर आला तेव्हा ताईने त्याला मिठी मारली आणि ती रडली. आम्हीही रडलो.

त्या रात्रीनंतर ओल्या टॉवेलावरून कुणी फारसं बोललं नाही.

मासळीबद्दल सांगून ठेवतो, कारण तुला आल्या आल्या गळ टाकायची घाई असणार. लगूनमधला मासा गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय खायचा नाही. सिग्वाटेरा नावाचं विष असतं. मेलेल्या प्रवाळावरच्या शेवाळावर एक सूक्ष्मजीव राहतो, गँबियर बेटांवरून त्याचं शास्त्रीय नाव पडलंय. त्याचं विष लहान माशातून मोठ्या माशात साठत जातं. चव नाही, वास नाही, शिजवूनही जात नाही. बाधा झाली की थंड वस्तू हाताला भाजल्यासारखी लागते. एका पासचा मासा चांगला आणि पुढच्या पासचा बाधतो असंही असतं, आणि ते इथल्या लोकांनाच माहीत. आम्ही खुल्या समुद्रात टूना धरतो आणि लगूनमध्ये नुसतं बघतो.

आणि बघण्यासारखं किती आहे! दक्षिणेच्या पासशी तेतामानू गाव आहे, प्रवाळाच्या दगडांचं जुनं चर्च असलेलं. त्या पासमध्ये जून-जुलैच्या पौर्णिमेच्या सुमाराला ग्रूपर मासे अंडी घालायला जमतात. शास्त्रज्ञांनी मोजले तेव्हा १७,००० च्या आसपास भरले, आणि त्यांच्यामागे आलेले राखाडी शार्क ७०० पर्यंत. इथे शार्कच्या शिकारीवर पूर्ण बंदी आहे, म्हणून हे दृश्य अजून शिल्लक आहे. पाणी आत वाहत असताना पासच्या तोंडाशी उतरायचं आणि प्रवाहाबरोबर वाहत जायचं. डिंगीची दोरी एकाच्या हातात. खाली शार्क तोंड प्रवाहाकडे करून जवळजवळ स्थिर असतात, थरावर थर. शेपटीची एवढीशी हालचाल. मी पहिल्यांदा खाली बघितलं तेव्हा श्वास घ्यायचा विसरलो. भीती वाटली नाही. आपण त्यांच्या घरात आहोत आणि त्यांना आपलं काही देणंघेणं नाही, हे इतकं स्पष्ट दिसत होतं.

दोन बेटांच्या मधल्या रात्री पाळीवर एकटं असतो तेव्हा तुपाइआ आठवतो. ताहितीजवळच्या रायातेआ बेटाचा हा दर्यावर्दी १७६९ मध्ये कॅप्टन कुकच्या जहाजावर चढला आणि त्याच्या माहितीवरून काढलेल्या नकाशात ७४ बेटं आली. तो पुढच्याच वर्षी बटाव्हियाला (आजच्या जकार्ताला) वारला, घर पुन्हा न पाहता. त्याची विद्या बुडाली असंच लोक समजत होते. मग १९७६ साली मायक्रोनेशियाचा दर्यावर्दी माऊ पियाइलुगने होकुलेआ ही जोडनाव हवाईहून ताहितीला आणली, एकही यंत्र न वापरता, तारे आणि लाटांच्या दिशेवर. आमच्याकडे जीपीएस आहे आणि आम्ही तो बंद करत नाही. पण पाळीवर मास्तरांनी शिकवलेले तारे मी रोज ओळखतो, आणि कुठली लाट कुठून येतेय ते बसल्या जागी अंगाने समजायला लागलंय.

आता तुझ्या तयारीचं. मे ते ऑक्टोबर हा काळ चांगला, नोव्हेंबरपासून चक्रीवादळांचा हंगाम. त्याआधी आम्हाला इथून हलायचं आहे, म्हणून जूनच्या पौर्णिमेआधी पोच. ताहितीहून फाकारावाला छोटं विमान येतं. शेंगेन व्हिसा इथे चालत नाही, फ्रेंच पॉलिनेशियाचा वेगळा लागतो, ते काम आजच सुरू कर. कडक सूटकेस आणू नकोस, ती ठेवायला जागा नाही. घडी होणारी पिशवी, लांब बाह्यांचे दोन शर्ट, पोलराइज्ड चष्मा आणि डोक्याला बांधायचा टॉर्च, लाल प्रकाशाचा. पाळीवर पांढरा टॉर्च लावलास की पुढची वीस मिनिटं कुणालाच अंधारात दिसत नाही. उलटीच्या गोळ्या डॉक्टरकडे आहेत. पहिले तीन दिवस वाईट जातील, मग जाणार नाहीत.

तुझा बिछाना नाळेकडे, माझ्यासमोरचा. पाळी पहाटे तीन ते सहा, मास्तरांबरोबर. ती त्यांनी स्वतः मागून घेतली आहे, सूर्योदय तुला दाखवायचा म्हणून. विमानाची तारीख ठरली की कळव. हिरिफाहून गावाकडे यायला लगून उभं ओलांडावं लागतं आणि ते उजेडातच करायचं असतं, म्हणून दोन दिवस आधी निघू. डिंगी घेऊन धक्क्यावर मीच येईन.

तुझा,
नाळेवरचा मित्र

ता. क. ताई म्हणते, येताना इंजिनाच्या पाण्याच्या पंपाचे दोन इंपेलर घेऊन ये. नंबर वेगळा पाठवते. ते विसरलास तरी ये, पण विसरू नकोस.